बाराव्या अंकातला रिकामा फुगा

१

छिद्र सव्वीस मिलिमीटर रुंद आणि एकोणीस मिलिमीटर उंच होतं. त्याची कड कुठेही कापलेली नव्हती. कडेजवळ कागद हळूहळू पातळ होत गेला होता, इतका की खिडकीकडे धरल्यावर तिथून उजेड गाळून आल्यासारखा दिसत होता. डाव्या अंगाला, या पातळ भागावर, काळ्या शाईची एक बाकदार रेघ होती आणि ती मध्येच विरळ होऊन संपत होती. ती हनुवटीची रेघ असावी. बाकी चेहरा नव्हता.

"बघून झालं?" यशोधराने विचारलं. "मग खाली ठेव. तू ते हातात धरलंस की मला कसंतरी होतं."

मी पान टेबलावर ठेवलं. तिने लगेच त्यावर वर्तमानपत्र पसरलं.

मी सविता. कागदपत्रं तपासण्याच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काम केलं. निवृत्तीनंतर वलवणला राहायला आले, यशोधराच्या मागच्याच गल्लीत. घरी एक सूक्ष्मदर्शक आहे. बायका विणकाम करतात तसं मी त्यातून काहीबाही बघत बसते. यशोधरा माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि 'तराजू' या चित्रमालिकेची लेखिका. तिचा नायक कामशेतचा रद्दीवाला; लोक त्यालाही तराजूच म्हणतात. काट्याच्या एका पारड्यात तो एखादं जुनं गोष्टीचं पुस्तक टाकतो, दुसऱ्या पारड्यात स्वतः उभा राहतो, आणि त्या पुस्तकाच्या काळातल्या नायकाचं बळ त्याच्या अंगात येतं. पहिल्या अंकात भुयारी महाल, बोलके पोपट आणि पानोपानी मूर्च्छा येणाऱ्या राजकन्या होत्या. चौथ्यात कोट आणि पगडी घातलेले पहिले गुप्तहेर. सातव्यात एस. टी. स्टँडवर मिळणाऱ्या पॉकेटबुकांचा जमाना. नवव्यात दिवाळी अंकातली भुतं. शंभर-सव्वाशे वर्षं माणसं चोरून काय वाचत आली, त्याचा हा इतिहासच होता. आणि प्रत्येक अंकात तराजूच्या मागावर एकच शत्रू होता. कसर. पुस्तकांना लागते तीच, चंदेरी, तीन शेपट्यांची, पण माणसाएवढी. ती आधी तोंड खाते, मग नाव, मग शेवट. जिचा शेवट खाल्ला ती गोष्ट कुणालाच आठवत नाही.

अकरा अंक निघाले होते. बारावा शेवटचा. तो दोन वर्षं अडून होता.

आणि आता गेले तीन मंगळवार, सकाळी, यशोधराच्या वरच्या खोलीतल्या टेबलावर कुणीच न काढलेलं एक पान सापडत होतं. पहिल्यावर तिच्या घराचं फाटक, फाटकापाशी गुडघ्यापर्यंतचा सैल सदरा घातलेली एक आकृती, आणि अक्षरं: 'कसर आली.' दुसऱ्यावर तीच आकृती वलवणच्या धरणाच्या रस्त्यावर: 'तोंड खाल्लं.' तिसऱ्यावर ती धरणाच्या दगडी भिंतीखाली, पाण्याच्या अगदी काठाशी: 'आता पाणी.' तिन्ही पानांवर आकृतीच्या डाव्या मनगटावर तीन बारीक गोल रेघा होत्या. आणि तिन्ही पानांवर चेहऱ्याच्या जागी छिद्र.

यशोधरा सैल, लांब कुडते घालते. तिच्या डाव्या हातात तीन बारीक बांगड्या असतात. त्या आता वाजत होत्या, कारण ती वर्तमानपत्राची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होती.

"दाराला आतून कडी असते," ती म्हणाली. "मी एकटी असते. तरी कुणीतरी येतं आणि ठेवून जातं. सविता, चौथं पान आलं की मी पाण्यात."

२

समर्थ मालिकेची चित्रं काढतो. तिशीचा, कामशेतचा, बोलायला घाई असलेला मुलगा. रोज सकाळी नऊला तो यशोधराच्या वरच्या खोलीत येऊन बसतो. मी त्याला तिन्ही पानं दाखवली.

"मावशी, मी तीन दिवस झोपलो नाहीये," तो म्हणाला. "सगळे माझ्याकडेच बघतात. साहजिक आहे. चित्र म्हटलं की समर्थ."

"तू काढलंस?"

"रेघ माझी आहे. पण मी काढलेली नाही."

त्याने सातवा अंक आणला, अकरावं पान उघडलं आणि दुसरं अनोळखी पान त्यावर ठेवून खिडकीच्या काचेला लावलं. खांदे, सदऱ्याच्या चुण्या, पुढे टाकलेला पाय, सगळं तंतोतंत जुळलं. कुणीतरी काचेखाली उजेड ठेवून छापील अंकावरून गिरवलं होतं. रेघेची जाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी होती. हात सुटा चालतो तेव्हा अशी राहत नाही. फक्त मनगटावरच्या त्या तीन रेघा मुळात नव्हत्या. त्या कुणीतरी मुद्दाम घातल्या होत्या.

"मला गिरवायची काय गरज?" समर्थ म्हणाला. "मी डोळे मिटून तराजू काढतो."

"पानं सापडतात कधी? नेमकं सांग."

"मंगळवारी सकाळी. मी गठ्ठा सोडून पानं टेबलावर पसरतो तेव्हा एक जास्त निघतं. वाटलं, रात्री कुणीतरी सरकवलं."

"कुठला गठ्ठा?"

त्याने सांगितलं ते असं. तो पानं काढून इंदुरीला दत्तोबांकडे पाठवतो. दत्तोबा गराडे जुने बोर्ड रंगवणारे पेंटर आहेत. संवादांच्या फुग्यांमधली आणि चौकटींमधली सगळी अक्षरं ते हाताने लिहितात. सोमवारी दुपारी त्यांची नात अपेक्षा पानांचा गठ्ठा स्कूटरवरून आणून देते. दोन पानांच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद, वर पुठ्ठा, दोरी. दत्तोबांची, म्हणजे सगळ्यांच्या आबांची, ताकीद असते की लोणावळ्याच्या दमट हवेत शाई रात्रभर ओली राहते, म्हणून गठ्ठा दाबून ठेवायचा आणि सकाळीच सोडायचा.

"पहिल्या अंकापासून हाच नियम," समर्थ म्हणाला. "एकदा मी लवकर सोडला तर पान पुसलं. आबांनी असा झापला की बस."

मी माझा चष्मा काढून पुसला. पुसायची गरज नव्हती.

घरात कुणीच येत नव्हतं. पानं सोमवारी दुपारीच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, दारातून आत येत होती. मंगळवारी सकाळी ती फक्त दिसत होती.

हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. परका माणूस कडी काढून येतो ही भीती एका प्रकारची असते. आपलंच माणूस दोरी बांधून पाठवतं ही दुसऱ्या प्रकारची.

३

प्रकाशक राजेंद्र तळेगावहून आला तो हसतच.

"मॅडम, खरं सांगू? माझ्यावर संशय घ्या. मी तुमच्या जागी असतो तर घेतला असता."

त्याने दुसऱ्या पानाचा फोटो इंटरनेटवर टाकला होता. 'लेखिकेच्या मागे कसर?' असा मथळा देऊन. जुने अंक पुन्हा छापावे लागत होते.

"तिला झोप लागत नाही," मी म्हणाले.

त्याचं हसू गेलं. "मी काढून टाकतो फोटो. पण मॅडम, त्यांना बारावा अंक द्यायला सांगा ना. सगळं तयार आहे. एक फुगा सोडून."

"कसला फुगा?"

"शेवटच्या पानावर कसर सगळं खात येते. तिला हरवायला तराजूला पारड्यात स्वतःचं नाव टाकावं लागतं. अकरा अंकांत त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. तो तोंड उघडतो, फुगा येतो, आणि फुगा रिकामा. दोन वर्षं! बाई म्हणतात, नाव सुचत नाही. अहो, कायपण ठेवा. गणपत ठेवा."

राजेंद्र गेल्यावर मी घरी येऊन पहिलं पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि शेजारी दत्तोबांनी लिहिलेलं एक खरं पान. साध्या डोळ्यांना अक्षरं सारखीच दिसत होती. तेच फुगीर पोटाचे 'क', तेच लांब शेपटीचे 'र'. पण दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे कुठली वर आणि कुठली खाली हे शाई सांगते. दत्तोबांच्या पानावर अक्षरांचे उभे दांडे शिरोरेघेच्या वर चढलेले होते. म्हणजे रेघ आधी, अक्षरं नंतर. दुकानाच्या फळीवर लिहिणारा माणूस असंच करतो. आधी सुताने रेघ आखतो आणि मग तिला अक्षरं टांगतो, नाहीतर ओळ झुकते.

अनोळखी पानांवर उलट होतं. आपण सगळे शाळेत शिकलो तसं, अक्षरं आधी आणि रेघ वरून.

दत्तोबांचा हात नव्हता तो. त्यांचं अक्षर येणाऱ्या दुसऱ्या कुणाचा तरी होता.

४

शुक्रवारी मी इंदुरीला गेले. दत्तोबा ओसरीवर तिरप्या फळीपुढे बसले होते. शहात्तर वर्षांचे, बारीक, गुडघ्यापर्यंत सदरा. डाव्या हाताने लिहीत होते. कामाचं पांढरं सूत त्याच मनगटाला गुंडाळलेलं होतं. त्यांनी ते थोडं सोडलं, दातात धरलं, रंगीत पूड लावून कागदावर ताणलं आणि टिचकी मारली. रेघ उमटली. सूत परत मनगटावर गेलं.

"या ताई. बसा. अपेक्षा, च्या टाक गं."

अपेक्षा सव्वीस वर्षांची. तळेगावात झेरॉक्सचं दुकान चालवते. तिने कपबशा आणून एका पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवल्या. ट्रंकेच्या फटीतून काहीतरी चंदेरी सुळकन बाहेर आलं आणि परत आत गेलं. अंगावर काटा आला माझ्या. इतकी वर्षं हे किडे हाताळले आहेत, पण गेले काही दिवस त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"कसर लय झालीय," दत्तोबा म्हणाले. "जुनी पुस्तकं हायत आत. टाकवत न्हाईत."

"कसली?"

"आपली हीच. स्टँडवरची. दोन रुपयेवाली."

"वाचलीत सगळी?"

अपेक्षा खुदकन हसली. तिला हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. दत्तोबांनी तिच्याकडे बघितलं आणि ती आत गेली.

मी तिसरं पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी हात लावला नाही. मग त्यांची नजर पानावरून स्वतःच्या मांडीवर आली आणि तिथेच थांबली.

"हे माझं न्हाई," ते म्हणाले.

"ते मला माहीत आहे, आबा. कुणाचं आहे?"

"तोंड लय बारकाईनं खाल्लंय." त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "बाई लय भ्याल्यात का?"

"हो."

"भ्याऊ नका म्हणावं. त्यांना काय व्हणार न्हाई."

"मग कुणाला होणार आहे?"

त्यांनी सुताचा वेढा मनगटावर घट्ट केला. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

५

शनिवारी मी पातळ झालेल्या कडेवरचा एक तंतू काढून काचेवर ठेवला आणि त्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब सोडला. तंतू निळा-काळा झाला, पिठाच्या चिकीवर होतो तसा. खळ. पानाच्या कोपऱ्यातला तंतू तपकिरीच राहिला.

कसर कागद कुरतडत नाही, खरवडते. तिला खळ आवडते. पुस्तकाच्या पाठीची, लिफाफ्याची. कुणीतरी चेहरा काढला, त्यावर खळ फासली आणि पान कसर असलेल्या जागी ठेवलं. चेहरा आधी होता आणि मग खाल्ला गेला. हनुवटीची अर्धवट खरवडलेली रेघ त्याची साक्षीदार होती. पण इतकं छिद्र चार दिवसांत पडत नाही. भरपूर किडे असले तरी माझ्या अंदाजाने किमान दोन महिने लागतात.

मी दिनदर्शिका काढली. पानांवर धरणाची भिंत होती. मालिकेचा शेवट लोहगडावर होणार असंच सगळे धरून चालले होते. तो धरणावर होणार हे यशोधराने सगळ्यांना सांगितलं पहिलं पान सापडायच्या आदल्या आठवड्यात. म्हणजे चार आठवड्यांपूर्वी.

पान काढणाऱ्याला ते दोन महिन्यांपूर्वी माहीत होतं.

मी सोमवारी सकाळी यशोधराकडे गेले. समर्थ खिडकीत बसून काम करत होता. मी तिला सगळं सांगितलं, जसं कोर्टात सांगायचे तसं, एकामागून एक. मग विचारलं, "दोन महिन्यांपूर्वी धरणाची गोष्ट कुणाला माहीत होती?"

"कुणालाच नाही."

"तुला?"

ती बांगड्या मागेपुढे सारत राहिली.

"यशोधरा, सातव्या अंकात सात लेखक एका खोलीत बसून एकाच टोपणनावाने पुस्तकं पाडतात. खाली छापखाना. छपाईचे खिळे धुवायच्या रॉकेलचा वास त्यांच्या डब्यातल्या भाकरीला लागलेला. खोलीची मोरी चढत्या जिन्याखाली. त्या काळात तू सहा वर्षांची होतीस. तुला मोरी कुठे होती ते कसं माहीत?"

बांगड्या वाजायच्या थांबल्या. तिने दोन्ही हात घट्ट धरले होते.

"मी लिहीत नाही," ती म्हणाली. "आबा सांगतात. मी टाइप करते."

समर्थच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"सगळे अंक?" त्याने विचारलं.

"सगळे. त्या सात जणांपैकी ते एक होते. एक्केचाळीस पुस्तकं लिहिली त्यांनी. कव्हरवर दुसऱ्याचंच नाव. गावात कळलं तेव्हा थोरल्या भावाने पुस्तकं पोत्यात भरून इंदुरीच्या किल्ल्याखाली इंद्रायणीत टाकली, सगळ्यांसमोर. गराड्यांचं नाव घाण केलंस म्हणाला. त्यानंतर त्यांनी ब्रश धरला. मालिकेवर त्यांचं नाव घालू म्हटलं तर माझ्या पायाशी वाकायला लागले, नको म्हणून. मला शपथ घातली."

"आणि तुम्ही मालिकेसाठी पुरस्कार घेतलात," समर्थ म्हणाला. "आम्ही टाळ्या वाजवल्या."

"हो."

"आणि तो फुगा?"

"तो मी रिकामा ठेवलेला नाही रे. आबा नाव सांगत नाहीत. दोन वर्षं विचारतेय. म्हणतात, बघू."

म्हणजे गोष्ट आधीपासून माहीत असणारी माणसं दोन. यशोधरा, आणि दत्तोबा. आणि दत्तोबांच्या घरात बसून ऐकणारी तिसरी. जिच्याकडे झेरॉक्सच्या दुकानातली उजेडाची काच आहे, जी गठ्ठा बांधते आणि आणते, जी लहानपणापासून आबांचं अक्षर बघत आली आहे, पण अक्षरं शाळेत गिरवायला शिकली.

खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला.

६

अपेक्षाने गठ्ठा टेबलावर ठेवला.

"आता सोडायचा," मी म्हणाले.

"आत्ता? शाई पुसंल." तिने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. मग खुर्ची ओढून बसली.

समर्थने दोरी सोडली. वर्तमानपत्रांच्या मध्ये, चौथ्या जागी, ते होतं. चौथं पान. त्यावर माणूस नव्हता. धरणाची भिंत, पाणी, पाण्यावरची वलयं, आणि वलयांच्या मधोमध छिद्र. अक्षरं नव्हती.

यशोधरा मागे सरकली. ती भिंतीला टेकली.

"तूच ना?" मी विचारलं.

"मीच." अपेक्षाचे डोळे भरून आले होते, पण आवाज चिडका होता. "आषाढात ट्रंकेत ठेवली होती, खळ लावून. मी म्हणलं होतं आबांना, तराजूला तुमचंच नाव द्या. तर म्हणाले, नाव असलेल्या माणसाला लोक पाण्यात घालतात, बिननावाचं बरं. आख्खं आयुष्य बिननावाचं? मला वाटलं, पानं बघून बाईंना कळेल कुणाचं तोंड खाल्लंय ते. बाई घाबरल्या, पण त्यांना कळलंच नाही. त्यांना वाटलं, त्यांचंच तोंड!"

मी आधीची तिन्ही पानं ओळीने मांडली. गुडघ्यापर्यंतचा सदरा. डावं मनगट. तीन बारीक गोल रेघा.

त्या बांगड्या नव्हत्या. तीन वेढे घेतलेलं सूत होतं.

ओसरीवर दत्तोबांची नजर पानावरून मांडीवर आली होती असं मी मनात टिपलं होतं. चुकीचं टिपलं होतं. ती मांडीवर ठेवलेल्या मनगटावर आली होती. त्यांनी स्वतःला ओळखलं होतं. हात कुणाचा तेही ओळखलं होतं. आणि मी मात्र खळ तपासत बसले होते.

"अपेक्षा, आजचा गठ्ठा कुणी बांधला?"

"आबांनी. मी पान आधीच सरकवलं होतं. त्यांनी पानं मोजून दोरी मारली."

"म्हणजे त्यांनी हे पाहिलंय. ते आता कुठे आहेत?"

"हितंच की. संगं आले. धरणापाशी उतरले." तिचा आवाज बोलता बोलता बारीक झाला. "म्हणाले, लय दिवस झाले पाणी बघून. तू हो म्होरं."

"हातात काही होतं?"

"पिशवी. जड होती."

समर्थने हातातली दोरी टाकली. मग आम्ही चौघं एकदम जिन्याकडे धावलो.

७

यशोधराच्या घरापासून पाण्याकडे उतरणाऱ्या पायवाटेपर्यंत सहाशे पावलं आहेत. मी ती एरवी फिरायला जाताना मोजलेली आहेत. त्या दिवशी दोनशेपर्यंत मोजली आणि आकडे हरवले. भाद्रपदातलं धुकं रस्त्यावर उतरलं होतं. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. अपेक्षा पुढे धावत "आबाऽ" अशा हाका मारत होती आणि धुकं त्या गिळत होतं. उत्तर येत नव्हतं. मला एवढंच आठवतं की मी मनात एकच वाक्य घोकत होते: छिद्राला दोन महिने लागतात, छिद्राला दोन महिने लागतात. जणू तेवढा वेळ आमच्या हातात होता.

पायवाटेच्या शेवटी चपला होत्या. नीट जोडून ठेवलेल्या.

यशोधरा चपलांपाशी खाली बसली.

"आरडू नगं," धुक्यातून आवाज आला. "मासं पळत्यात."

ते पाच-सहा हातांवर एका सपाट दगडावर बसले होते. पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. मांडीवर पिशवी. अपेक्षाने जाऊन त्यांचा सदरा दोन्ही मुठींत धरला.

"आबा, मला तसं नव्हतं म्हणायचं. ते पान तसं नव्हतं."

"ठावं हाय गं. सोड, फाटंल." त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. कव्हर अर्धं खरवडलेलं होतं. लाल साडीतली बाई, पिस्तूल, आणि खाली कुणा दुसऱ्याच माणसाचं नाव. "भावानं टाकली ती त्याच्या हातानं. ऱ्हायलेली आपल्या हातानं टाकावी म्हणलं. मंग तुझी पानं बी बंद व्हतील. बाईंची झोप तरी ऱ्हाईल."

"टाकलीत का?" मी विचारलं.

"एक टाकलं. बुडंना. तरंगतंय बघा." पाण्यावर, हाताच्या अंतरावर, ते उघडं पडून हलत होतं. दत्तोबा हसायचा प्रयत्न करत होते. "आन मग पाय निघंनात. म्हणलं बसावं जरा. खरं सांगू ताई? मला बी भ्या वाटलं."

समर्थ बूट न काढताच पाण्यात उतरला आणि त्याने ते पुस्तक उचलून आणलं. त्याने ते स्वतःच्या शर्टाने टिपलं.

यशोधरा उठून दगडापाशी आली.

"आबा, मी तुमचं नाव घातलं नाही, कारण तुम्ही नको म्हणालात. हे मी सगळ्यांना सांगेन. पण तुम्ही नको म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं होतं. ते कुणालाच सांगितलं नव्हतं. ते आज सांगते."

दत्तोबांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही.

"लोक हसतील," ते म्हणाले. "शहात्तराव्या वर्षी म्हातारा म्हणतोय, त्या घाणेरड्या गोष्टी मीच लिहिल्या."

"हसू देत," अपेक्षा म्हणाली. "तुमी हसवायलाच लिहिल्या ना?"

"भ्या घालायला लिहिल्या, येडे. भ्या घालायला. हसवायला अक्कल लागती."

पहिल्यांदा समर्थ हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले. त्याने ते ओल्या बाहीने पुसले आणि म्हणाला, "आबा, शेवटचं पान. फुगा रिकामा आहे. मी काढून काढून थकलो. तराजू तोंड उघडून दोन वर्षं उभा आहे. काय म्हणतो तो?"

मी त्यांच्या पायांकडे बघत होते. ते अजून पाण्यातच होते. धुक्यात कुठेतरी टिटवी ओरडली.

दत्तोबांनी एक पाय बाहेर काढला. मग दुसरा. डाव्या हाताचं बोट पाण्यात बुडवलं आणि शेजारच्या कोरड्या दगडावर एक लांब आडवी रेघ ओढली. आधी रेघ. तिच्याकडे बघत त्यांनी श्वास घेतला.

"तराजूचं नाव दत्तोबा कोंडाजी गराडे," ते मोठ्याने म्हणाले. "आन लिहिणाऱ्याचं बी तेच."